वणवा, शेजार आणि गावकी

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या गावांचे वर्ष दोन भयांच्या मध्ये जाते. आषाढ-श्रावणात ओढ्याचे पाणी बांध फोडील ही एक चिंता. आणि शिमगा उलटला, डोंगरावरचे गवत वाळून कडक झाले, की पलीकडच्या रानात लागलेला वणवा वाऱ्याबरोबर आपल्या बागायतीकडे सरकेल ही दुसरी. पहिल्या भयाचा इतिहास बऱ्यापैकी उपलब्ध आहे, कारण बांधाला खर्च लागतो, खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो आणि हिशेबाचे कागद दप्तरात टिकून राहतात. वणव्याचे तसे नाही. तो एका रात्रीत येतो, पहाटेच्या दहिवराने मंदावतो आणि मागे राख सोडून जातो. ज्यांनी तो विझविला त्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत, कारण त्यांना मजुरी द्यावयाची नव्हती. इतिहासाच्या साधनांचा हा एक विचित्र न्याय आहे की, फुकट केलेले काम बहुधा कागदावर येत नाही. तरीही कायद्याच्या पुस्तकांतून, राज्यकर्त्यांच्या आज्ञापत्रांतून आणि चौकशी समित्यांच्या कामकाजातून या मदतीची छाया दिसत राहते. आणि ती नीट पाहिली असता एक प्रश्न पुनःपुन्हा समोर उभा राहतो. शेजारी कोणाच्या आगीवर धावून जातो, आणि कोणाच्या आगीकडे पाठ फिरवितो?

या प्रश्नाचे मर्म कळण्यासाठी प्रथम वणवा म्हणजे काय आणि तो विझवितात कसा, हे पाहिले पाहिजे. गोमंतकातील सत्तरी, सांगे, काणकोण या डोंगराळ तालुक्यांतील कुळागर डोळ्यांपुढे आणावे. दोन डोंगरांमधील घळ, वरून येणारी झर, तिचे पाणी पाटांनी खेळविलेले. सुपारीच्या उंच ओळी, मधून नारळ, खाली केळी, सुपारीच्या अंगावर चढलेली मिरवेल. कुळागराचे पोट ओले असते, तेथे आग सहसा शिरत नाही. भय असते ते कडांना. कडेला वाळलेली वई, पडलेल्या झावळ्या आणि पोवली, आणि त्याच्या वर उताराला काजूची झाडे व गवत. काजू हे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले आणि गोमंतकाच्या उघड्या डोंगरांनी ते आपलेसे केले. पण त्याचा हंगाम नेमका मार्चपासून मेपर्यंतचा, म्हणजे वणव्याचाच. हंगामापूर्वी झाडाखालचा पालापाचोळा झाडून गोळा करतात आणि पुष्कळदा तेथेच पेटवून देतात. वारा फिरला की एकाची सफाई दुसऱ्याचा सर्वनाश ठरते. सुपारीचे खोड एका बाजूने नुसते भाजले तरी झाड पुढे सुकत जाते, आणि नवे रोप लावून ते फळावर येईपर्यंत पाचसात वर्षे सहज जातात. एका रात्री जळते ते त्या वर्षाचे पीक नव्हे; घरातील मुलीचे लग्न, सावकाराचे देणे आणि म्हाताऱ्याच्या आयुष्यातील उरलेली वर्षे त्या आगीत असतात.

असा वणवा दिसला की टेकडीवरून कुकारा होतो. ज्याला तो ऐकू येतो तो कोयता घेऊन निघतो. डोंगरावर घागरींनी पाणी नेऊन आग विझत नसते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्यास खरे वाटत नाही. खरे हत्यार म्हणजे ओल्या पानांचा डहाळा. माणसे आगीच्या दोन्ही बाजूंनी रांग धरतात आणि डहाळ्याने ज्वाळा जमिनीवर दाबून टाकतात. पाठीमागून दुसरी रांग धुमसती लाकडे ओढून काढते आणि त्यांवर माती लोटते. आग चढणीवर घोड्यासारखी धावते, उतारावर मात्र सावकाश येते. म्हणून तोंडाशी जाण्यात शहाणपण नसते. उतारावर मात्र निराळा धोका असतो. पेटलेला ओंडका घरंगळत खाली येतो आणि सर्वांच्या पाठीमागे, विझविलेल्या पट्ट्याच्या पलीकडे, नवी आग लावतो. त्यासाठी खालच्या अंगाला मुले आणि म्हातारी माणसे नजर ठेवण्यास बसवितात. स्त्रिया पिण्याचे पाणी वाहून आणतात, आणि तेही काम हलके नव्हे. दुपारी माणसाचे काही चालत नाही. सूर्य मावळून हवा थंडावली आणि वारा पडला, म्हणजे खरे काम सुरू होते. एकट्या मालकाने, त्याच्या मुलांनी आणि दोन गड्यांनी हे होण्यासारखे नाही. अर्ध्या कोसाच्या आगीला तीस-चाळीस माणसे तरी हवीत, आणि ती त्याच घटकेला हवीत.

याहूनही कठीण उपाय एक आहे. आग हाताबाहेर गेली असेल तर तिच्या वाटेवर पुढे जाऊन मधला पट्टा आपणच पेटवून द्यावयाचा, म्हणजे मोठी आग तेथवर पोहोचेल तेव्हा तिला खावयास काही उरणार नाही. आगीने आग मारण्याची ही युक्ती जगभरच्या रानात राहणाऱ्यांना ठाऊक आहे. परंतु तिच्यात एक सामाजिक अडचण दडलेली असते, तिकडे तंत्र सांगणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. मधला पट्टा कोणाचा? तो बहुधा तिसऱ्याच्याच गुरांच्या चाऱ्याचा, किंवा गावाच्या सामाईक कुरणाचा असतो. एकाचे कुळागर वाचविण्यासाठी दुसऱ्याचे गवत जाळावे लागते, आणि हा निर्णय घटकाभरात, अंधारात, धुराने डोळे झोंबत असताना घ्यावयाचा असतो. डहाळा घेऊन धावणे हे शेजारधर्माचे सोपे अंग; आपले गवत पेटविण्यास संमती देणे हे अवघड. ज्याचे गवत जाईल त्याला उद्या कोणीतरी वैरण देईल, असा भरवसा आधीपासून असल्याशिवाय ही संमती मिळत नाही.

आपल्या पुराणांनी वणव्याच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या आहेत. भागवताच्या दशमस्कंधात दावाग्नीने वेढलेले गोपाळ कृष्णाला हाक मारतात आणि तो ती आग पिऊन टाकतो. महाभारतातील खांडववनाची कथा मात्र याच्या उलट आहे. तेथे तोच कृष्ण अर्जुनासह अरण्याच्या कडेला उभा राहून कोणी निसटू नये याची दक्षता घेतो. एकीकडे गाईंचे कुरण आहे, दुसरीकडे तक्षकाचे आणि परक्यांचे रान आहे. आपले कोणते आणि परके कोणते, यावर आगीकडे पाहण्याची दृष्टी ठरते, हे या दोन कथा शेजारी ठेवल्या की सहज ध्यानात येते.

कौटिल्याने मात्र कथेवर न विसंबता दंडावर भर दिला. अर्थशास्त्रात उन्हाळ्यात गावकऱ्यांनी स्वयंपाक घराबाहेर करावा असे सांगितले आहे. नगरवासीयांनी पाण्याचे घट, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, कातडी पखाल अशी साधने जवळ बाळगावी असाही नियम आहे. आग लागलेली दिसूनही जो घरमालक धावून जाणार नाही त्याला बारा पण दंड, आणि भाड्याने राहणाऱ्याला सहा पण. निष्काळजीपणाने आग लावणाऱ्यास चोपन्न पण, आणि बुद्धिपुरस्सर लावणाऱ्यास त्याच आगीत देहान्त. यांतील शेवटची शिक्षा वाचकाच्या मनात घर करून राहते. पण विचार करण्याजोगी आहे ती पहिल्या दोहोंतील तफावत. मालकाचे कर्तव्य भाडेकऱ्याच्या दुप्पट मानले गेले. ज्याचे जेवढे हितसंबंध, तेवढी त्याची जबाबदारी, हे तत्त्व त्या रूक्ष सूत्रात बसलेले आहे. नव्या वसाहतीत बांध घालण्यासारखे सामाईक काम निघाले असता जो स्वतः येणार नाही त्याने आपले नोकर आणि बैल पाठवावे, खर्चाचा वाटा उचलावा, पण लाभात त्याला वाटा नाही, असाही नियम त्याच ग्रंथात आढळतो.

मराठी राज्याच्या कागदांत या विषयावरचे जे एक पत्र आहे, त्याच्यासारखे सजीव पत्र क्वचितच सापडेल. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणच्या बाजूस असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना शिवछत्रपतींनी ते पाठविले. घोड्यांसाठी साठविलेल्या वैरणीची त्यांना काळजी आहे. कोणी भलत्याच जागी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढण्यासाठी निखारा घेऊन जाईल, वाऱ्याचे आणि आसपास पडलेल्या गवताचे त्याला भान राहणार नाही; रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल; एक खण पेटला की सगळे पेटतील आणि मग कोणाला कितीही शिक्षा केली तरी गेलेले गवत परत येणार नाही, असा त्याचा आशय. उंदीर आणि दिव्याची वात यांच्यापर्यंत ज्याची दृष्टी पोहोचते तो राजा आगीचा खरा जाणकार होता. त्याच पत्रात रयतेच्या काडीलाही हात लावू नये ही ताकीद आहे, आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या योगायोगाने नव्हेत. ज्या रयतेची वैरण लष्कराने लुटली, ती रयत लष्कराची गंजी विझविण्यास कशाला धावेल?

गोमंतकात हा भरवसा उभा राहिला तो गावकारीच्या संस्थेवर. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया याच्या हातून तिसवाडीच्या गावांचे रिवाज लिहून घेतले, तेव्हा ही व्यवस्था कितीतरी जुनी होती. गावची जमीन गावकारांची सामाईक. ती लिलावाने कसावयास द्यावयाची, उत्पन्नातून सरकारचा वसूल, देवालयाचा आणि बलुत्यांचा खर्च भागवावयाचा आणि उरेल ते वाटून घ्यावयाचे. खाजन जमिनींचे खाऱ्या पाण्यापासून रक्षण करणारे बांध हे या संस्थेचे सर्वांत मोठे काम. बांधाला भगदाड पडले की रात्र असो वा दिवस, सर्वांना धावावे लागे, कारण एका शेतात शिरलेले खारे पाणी शेजाऱ्याच्या मेरेला थांबत नसते. वणव्याचेही तसेच आहे, आणि म्हणून वणव्यासाठी गावकारीचे वेगळे कलम शोधीत बसण्याचे कारण नाही. ज्या सभेला सगळ्या जमिनीवर अधिकार आहे, ती कोणाचे गवत जाळावे हे ठरवू शकते आणि ज्याचे जळले त्याची भरपाईही करू शकते. देवरायांचे उदाहरणही याच जातीचे. सत्तरीतील बांबर येथील निरंकाराची राई गावाने देवाच्या नावे राखली. जेथे काडी मोडावयाची नाही तेथे काडी पेटविण्याचा प्रश्नच येत नाही, आणि दाट सावलीतील ती ओली जमीन सहसा पेटतही नाही.

मात्र या व्यवस्थेचे कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वाटा गावकारांचा होता. डहाळा घेऊन पुढे असे तो बहुधा कूळ, मुंडकार, गावडा किंवा वेळीप. ज्याच्या घराखालची जमीनसुद्धा भाटकाराची, तो भाटकाराच्या बागेसाठी पाय भाजून घेत असे. यांत आपुलकी किती आणि न गेल्यास उद्या घर मोडावे लागेल हे भय किती, याची वजाबाकी आज करता येत नाही. कुळांना आणि मुंडकारांना कायद्याचे संरक्षण मिळाले ते गोवा १९६१ मध्ये मुक्त झाल्यानंतर, अनुक्रमे १९६४ आणि १९७५ च्या कायद्यांनी. जुन्या शेजाराचा पाया सर्वस्वी समतेचा नव्हता, आणि तो ढासळल्याबद्दल हळहळणाऱ्यांनी हे विसरू नये.

सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे इंग्रजी अंमलाने नवाच अध्याय सुरू केला. १८६४ मध्ये ब्रांडिस हे वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झाले, आणि त्याच वर्षी सातपुड्यात, होशंगाबादकडील बोरीच्या जंगलात, पिअर्सन या अधिकाऱ्याने वणव्यापासून जंगल राखण्याचा पहिला पद्धतशीर प्रयोग केला. जंगलाभोवती पट्टे काढून, त्यांवरील गवत हंगामाच्या आरंभीच जाळून टाकून आग अडविता येते, हे त्याने दाखवून दिले. पुढे या पट्ट्यांना आपल्याकडे जाळरेषा हे नाव रूढ झाले. पण ज्या जंगलाला राखावयाचे ते आता सरकारचे झाले होते. ठाणे-कुलाब्याकडे शेतकरी झाडांचे टहाळ, पाला आणि शेण पसरून भाताच्या रोपासाठी राब भाजीत. वनखात्याच्या लेखी हे टहाळ तोडणे नासाडी आणि ती आग धोका. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वनविषयक चौकशीसाठी मंडळ नेमावे लागले, आणि राबाचा प्रश्न त्याच्यापुढील मुख्य प्रश्नांपैकी होता. ज्या विस्तवावर शेतकऱ्याचे पोट चाले, तोच विस्तव जंगलाच्या कायद्यात संशयित ठरला.

१९२७ च्या भारतीय वन कायद्याने शेजारधर्माला कलमाचे रूप दिले. राखीव वा संरक्षित जंगलात ज्याला गुरे चारण्याचा, लाकूड नेण्याचा किंवा अन्य कसलाही हक्क अथवा परवाना आहे, आणि लगतच्या गावातील जो इसम सरकारकडून वेतन घेतो, त्या प्रत्येकाने वणव्याची वर्दी द्यावी आणि कोणी सांगो वा न सांगो, तो विझविण्यास लागावे, असे ७९ व्या कलमाने ठरविले. कसूर केल्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. दुसऱ्या एका कलमाने, हेतुपुरस्सर अथवा घोर निष्काळजीने आग लागल्यास त्या जंगलातील चराईचे आणि उपजांचे हक्क तहकूब करण्याचा अधिकार सरकारला दिला. कौटिल्याचा दंड आगीवर न धावणाऱ्याच्या व्यक्तिगत खात्यावर पडत होता. येथे एकाच्या अपराधासाठी साऱ्या गावाचे कुरण बंद होऊ शकत होते. वणवा विझविण्याचे कर्तव्य हक्काशी जोडले, हे तत्त्वतः योग्यच होते. दुर्दैव हे की, कर्तव्य पूर्ण राहिले आणि हक्क मात्र दिवसेंदिवस आखडत गेले.

त्याचा परिणाम काय होतो, हे आधीच कुमाऊंमध्ये दिसून आले होते. तेथील विस्तीर्ण जंगले १९११ ते १९१७ या काळात राखीव झाली. चिराच्या म्हणजे पाइनच्या रानात गळालेल्या सुईसारख्या पानांचा थर साचतो. तो जाळला की पावसाळ्यात गवत चांगले येते, म्हणून गावकरी तो जाळीत. ते बंद झाले आणि वर वणवा विझविण्याची सक्ती आली. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या मकरसंक्रांतीच्या जत्रेत लोकांनी वेठीच्या नोंदवह्या नदीत बुडविल्या, आणि त्याच उन्हाळ्यात पाइनची राखीव जंगले ठिकठिकाणी पेटली. विझविण्यास माणसे मिळेनात. या प्रकरणातील एक गोष्ट इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी पुढे आणली आहे, आणि ती फार बोलकी आहे. आगी लागल्या त्या खात्याला इमारती लाकूड आणि राळ देणाऱ्या पाइनच्या जंगलांना. गावकऱ्यांना चारा, सरपण आणि पाणी देणारी रुंद पानांची जंगलेही खात्याच्याच ताब्यात होती, पण त्यांना जवळजवळ धक्का लागला नाही. म्हणजे लोक आगीला विसरले नव्हते, की वेडेही झाले नव्हते. त्यांनी आपले आणि परके निवडून काढले होते. सरकारने त्याच वर्षी कुमाऊंच्या वनविषयक गाऱ्हाण्यांसाठी समिती नेमली, आणि १९३१ मध्ये गावांना आपल्या वनपंचायती स्थापन करता येतील असे नियम झाले.

गोमंतकात हाच प्रश्न अलीकडे नव्या वेषात आला. म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झाले. त्याच्या पोटात गावे होती, काजूच्या बागा होत्या, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या पण कागदावर नीट न चढलेल्या जमिनी होत्या. मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात तेथील डोंगरांवर वणवे लागले आणि पुढे दिवसेंदिवस धुमसत राहिले. नौदलाच्या आणि वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी वरून पाणी टाकले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली ती मुख्यतः त्यांची. आगी लावल्या की लागल्या, यावर पुष्कळ वाद झाला, आणि कित्येकांनी आधीच ठरविलेल्या मतानुसार गावकऱ्यांकडे बोट दाखविले. परंतु सरळ कड्यांवर, जेथे वाहन जात नाही आणि वरून टाकलेले पाणी झाडांच्या शेंड्यांतच अडते, तेथे वनखात्याचे कर्मचारी आणि आसपासच्या वाड्यांतील माणसे ओले डहाळे घेऊन चढली होती. त्यांतील कित्येकांच्या स्वतःच्या काजूच्या बागा त्याच दिवसांत होरपळत होत्या. ज्या रानात आपला वाटा आहे की नाही याचा निकाल लागलेला नाही, त्याच्यासाठी त्यांनी रात्री घालविल्या.

याच काळात उलट दिशेनेही पावले पडलेली आहेत. १९९० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक काढले, आणि त्यानंतर गावोगावच्या समित्यांकडे जाळरेषा काढण्याचे काम अधूनमधून येऊ लागले. पण त्यात गाव बहुधा मजुराच्या नात्याने असे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलाच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि अशा गावांतून कुठल्या उतारावरचे गवत आधी कापावयाचे, मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखाली आग लावावी की नुसते झाडून घ्यावे, असल्या प्रश्नांची वाटाघाट पुन्हा ग्रामसभेत होऊ शकते. माघ-फाल्गुनात, पहिला धूर दिसण्यापूर्वी, डोंगराच्या कडेने कोयते चालू लागतात. त्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस जाळरेषेवर येतो, आणि जो येणार नाही त्याचे नाव सभेत घेतले जाते.